तेलासाठी केस

निवृत्त माणसाने गटारात लक्ष घालू नये, असं कुणा शहाण्याने कुठे लिहून ठेवलेलं नाही. ठेवलं असतं तर मीटरकाकांनी ते नक्की वाचलं असतं, कारण त्यांना सगळं वाचायची सवय होती, आणि मग पुढचं रामायण टळलं असतं.

मीटरकाका म्हणजे वीज कंपनीत मीटर तपासण्यात हयात घालवलेले गृहस्थ. लोकांच्या जिन्याखाली, दारामागे, कोळिष्टकांच्या आड बॅटरी मारून आकडे वाचायचे आणि कुणी आकड्यांशी लबाडी केली असेल तर ती शोधून काढायची, हे त्यांचं काम. त्यातून त्यांची एक श्रद्धा बनली होती. जगातली कुठलीही भानगड असो, माणसाने नीट वाकून पाहिलं की ती उलगडते. दिसायला ते उंच, सडपातळ आणि डोक्याने संपूर्ण मोकळे होते. मोकळे म्हणजे कानांमागे चार केस, मागे झालर, असला मिंधेपणा नाही. पार सपाट. घरात दिवा लागला की तो आधी त्यांच्या डोक्यावर दिसायचा. या गोष्टीचं त्यांना अजिबात वाईट वाटत नव्हतं, आणि ते तसं फार वेळा सांगत.

सुरुवात झाली ती काकूंच्या गुडघ्यापासून. गुडघा धरला म्हणून डॉक्टरांनी काकूंना रोज सकाळी चालायला सांगितलं होतं, आणि गल्लीच्या टोकाला तळं होतं म्हणून त्या तळ्याभोवती चालत. गुडघा सुटत आला होता. एका पावसानंतरच्या सकाळी त्या परत आल्या त्या दारातच थांबल्या. मुलीने पाठवलेले पांढरे बूट त्यांनी काढले आणि काकांच्या समोर, वाचत असलेल्या वर्तमानपत्रावर ठेवले. बुटांना घोट्यापर्यंत काळा, चिकट काठ आला होता आणि त्याला पेट्रोल पंपासारखा वास येत होता. तळ्यावर तेलाचा तवंग आहे, काठावरचा रस्ता निसरडा झालाय, वासाने डोकं उठतं, आपण उद्यापासून जाणार नाही, एवढं सांगून त्या आत गेल्या.

आता काकू घरात बसल्या म्हणजे रिकाम्या बसल्या असं नव्हे. त्यांनी काकांकडे लक्ष द्यायला सुरुवात केली. तुम्ही चहा असा आवाज करून का पिता, हा प्रश्न लग्नानंतर प्रथमच विचारला गेला. पण काकांना खरी काळजी वेगळीच लागली. आठवडा उलटेपर्यंत काकू स्वयंपाकघरात जाताना पुन्हा भिंतीला हात लावून जायला लागल्या.   काका छत्री घेऊन भर पावसात बाहेर पडले आणि वाकून पाहू लागले.

वाकून पाहिल्यावर भानगड उलगडली. गल्लीला तळ्याकडे उतार. वरच्या तोंडाला गॅरेज, खाली दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्या, आणि प्रत्येक गाडीच्या पोटाखाली रस्त्यावर काळा डाग. पाऊस पडला की त्या डागांतून रंगीत ओघळ निघत, एकमेकांना मिळत आणि सगळा लवाजमा इमारतीच्या फाटकासमोरच्या लोखंडी जाळीतून खाली जाई. तिथून पाइपाने थेट तळ्यात. काका त्या जाळीवर इतका वेळ ओणवे उभे होते, की येणाऱ्याजाणाऱ्या तिघांनी काय पडलं म्हणून विचारलं आणि एकजण तर शोधायलाही लागला.

त्यांनी आधी सरळ मार्गाने जाऊन पाहिलं. गॅरेजवाल्याला विचारलं, तर तो दुखावला. त्याचं म्हणणं, त्याच्याकडचं तेल वाहतच नाही, ते जिथल्या तिथे मुरतं. हवं तर खणून बघा. इमारतीच्या चेअरमनना त्यांच्या जुन्या गाडीबद्दल विचारलं, तर त्यांनी चष्मा काढून सांगितलं, की त्यांच्या गाडीतून तेल गळत नाही, तिला घाम येतो. म्हणजे गल्लीत तेल होतं, पण ते कुणाचंच नव्हतं. असल्या चोऱ्या काकांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. चोर सापडत नसेल तर वाटेत जाळं लावायचं, हे त्यांच्या खात्यातलं धोरण.

जाळं कसलं लावायचं ते त्यांना मोबाइलवर सापडलं. माणसाचा केस तेल धरून ठेवतो, पाणी सोडून देतो, असं एका लेखात होतं. काकांनी लगेच एका वाडग्यात पाणी घेतलं, त्यात स्कूटरचं वापरलेलं तेल ओतलं आणि काकूंच्या कंगव्यातला गुंता त्यावर सोडला. थोड्या वेळाने गुंता काढून पाहतात तो तवंग गायब, गुंता काळा कुळकुळीत. काकांना जो आनंद झाला तो सांगायला ते वाडगा घेऊन काकूंकडे धावले. काकूंनी फक्त वाडगा पाहिला. तो नेमका रोजच्या वापरातला होता. त्या दिवसापासून काकांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत भांड्यांना हात लावायची बंदी झाली, आणि तो प्रयोग काकूंच्या गुडघ्यासाठी होता हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.

प्रयोगाला एक गुंता पुरला, तरी गल्लीला पोती लागणार होती. काका कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे गेले. त्याच्या दुकानात पडद्यापलीकडे बायकांचेही केस कापले जात. न्हावी त्यांना ओळखत होता, पण ते दुकानात पायरी चढून आल्याचं पाहून त्याचा वस्तरा हातातच राहिला. खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईकही आरशातून पाहू लागलं. काकांनी गळा साफ करून विचारलं, की तुमच्याकडचे केस मिळतील का. न्हावी फार सभ्य माणूस. तो हसला नाही. त्याने काकांना बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात विचारलं, की कुरळे हवेत की सरळ, कारण एकदा निवड केली की तीच लोकांच्या नजरेत बसते.

काका म्हणाले, कसलेही चालतील, मिसळ असली तरी चालेल, फक्त भरपूर हवेत.

न्हाव्याने त्यांच्या डोक्याकडे मोजमाप घेतल्यासारखं पाहिलं. “भरपूर म्हणजे?”

“दोन पोती.”

न्हाव्याने मान डोलावली. संध्याकाळी पहिलं पोतं बांधून देताना त्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि वाईट वाटून घेऊ नका, हल्ली पुष्कळ लोक करतात, असं सांगितलं. काय करतात, हे काकांना समजलं नाही. ते पोतं खांद्यावर टाकून घरी आले, आणि टक्कल पडलेला एक वयस्क गृहस्थ केसांचं पोतं वाहून नेतोय, हे दृश्य सबंध गल्लीने डोळे भरून पाहिलं.

पोत्यानंतर प्रश्न आला तो केस भरायच्या पिशव्यांचा. कापड पाणी अडवतं, जाळी केस सोडते. हवं असं काहीतरी की ज्यातून पाणी जाईल पण केस जाणार नाही, आणि जे लांब, ताणलं जाणारं असेल. विचार करकरून काकांना उत्तर सापडलं आणि ते बायकांच्या कपड्यांच्या दुकानात जाऊन मांडीपर्यंत येणारे ते झिरझिरीत मोजे मागू लागले. दुकानदारबाईंनी पाय किती मापाचे आहेत विचारलं. काकांनी जाळीखालच्या चेंबरची लांबी हाताने दाखवली. बाईंनी पुन्हा विचारलं. काकांनी पुन्हा तेवढीच दाखवली. शेवटी सगळ्यात मोठ्या मापाचे, कातडीच्या रंगाचे सहा जोड त्यांनी घेतले आणि रंगाला तसं महत्त्व नाही, एकदा भरल्यावर ते गटारातच जाणार, असा खुलासा केला. खुलाशाने माणसाची स्थिती सुधारते, हा काकांचा एक जुना गैरसमज होता.

पुढचे काही दिवस काका गॅलरीत बसून मोज्यांत केस ठासत होते. केसाचा स्वभाव असा, की तो जिथे ठेवला तिथे राहत नाही. तो उशीवर आला, फण्यांच्या डब्यात आला, टीव्हीच्या पडद्यावर आडवा बसला. चहात आला तेव्हा काकूंनी कप सरकवून ठेवला. पण एका सकाळी काकांचा सदरा धुवायला घेताना खांद्यावर त्यांना एक हातभर लांब, तांबूस रंगवलेला केस सापडला. तो चिमटीत धरून त्या गॅलरीत आल्या.

“हा कुणाचा?”

काका कामात होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, “नक्की सांगता येणार नाही. बऱ्याच जणी असतात.”

काका स्वभावाने अत्यंत सरळ होते, आणि संसारात सरळपणाइतकं धोकादायक काही नाही. दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी काकांनी सगळं समजावून सांगितलं, न्हाव्याचं नाव साक्षीदार म्हणून दिलं, आणि काकूंना पटलं. निदान त्या म्हणाल्या की पटलं.

इमारतीतलं वातावरण मात्र वेगळ्याच दिशेने गेलं होतं. काकांच्या बोलण्यात सारखे दोनच शब्द येत, केस आणि तेल. आता सांगा, पार टक्कल असलेला माणूस उठता बसता केस आणि तेल म्हणत असेल, गॅलरीत दार लावून काहीतरी करत असेल, तर लोकांनी काय समजायचं? लोकांनी तेच समजलं. तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई रिकामी बाटली घेऊन आल्या आणि माझ्यापुरतं तेल द्या, पैसे काय ते घ्या म्हणाल्या. त्यांचे केस बाळंतपणापासून गळत होते. काकांनी त्यांना बसवून सांगितलं, की आपल्याकडे केसांसाठी तेल नाही, तेलासाठी केस आहेत. बाईंनी मान डोलावली आणि मग कधी तयार होईल, असं विचारलं.

चेअरमन निराळ्या वाटेने आले. त्यांच्या डोक्यावर या वयातही काळेभोर, दाट केस होते, आणि ते जन्मापासून तसेच आहेत अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी काकांना मोठ्या भावासारखा सल्ला दिला. आधी स्वतःवर प्रयोग करायला हवा होता. लोकांनी तुमच्या डोक्याकडे पाहून विश्वास कसा ठेवायचा? काका म्हणाले, तेल रस्त्यावरचं आहे. चेअरमन म्हणाले, हे तर मुळीच बोलू नका, धंदा बसेल.

यापुढे काकांनी खुलासे बंद केले आणि परवानगी काढायला पालिकेत गेले. जाळी सरकारी, तिच्यात काही घालायचं तर विचारायला हवं. हा त्यांचा दुसरा जुना गैरसमज.

रस्ते विभागातल्या माणसाने सांगितलं, की जाळीचं लोखंड आमचं, भोकं आमची नाहीत. भोकांतून खाली गेलेलं सगळं गटार विभागाचं. काका गटार विभागात गेले. तिथले गृहस्थ डबा खात होते. त्यांनी तोंडातला घास संपवून शांतपणे विचार केला. पावसाचं पाणी आमचं, हे ते म्हणाले. पण तेल पाण्यात मिसळतं का? नाही ना? वर तरंगतं. मग ते पाणी नव्हे. जे पाणी नव्हे ते आमचं नव्हे. काकांना यातली चूक शोधता येईना. उलट त्यांना ते पटल्यासारखंच झालं आणि ते आभार मानून वरच्या मजल्यावर प्रदूषणाच्या टेबलापाशी गेले. तिथे एक तरुण बाई होत्या, आणि त्या ऐकून घ्यायला तयार होत्या, म्हणून काकांनी उत्साहाने मुख्य गोष्टीलाच हात घातला. माझ्याकडे केस आहेत, ते म्हणाले.

“केस कुठे चालू आहे?” बाईंनी विचारलं.

“सध्या गॅलरीत.”

“किती केसेस आहेत?”

“मोजले नाहीत. दोन पोती होते.”

बाईंनी लिहिणं थांबवलं. “कुणाविरुद्ध?”

“तेलाविरुद्ध,” काका म्हणाले.

बाईंनी त्यांना पाणी दिलं. मग साहेबांना बोलावलं. साहेब पोक्त होते, निवृत्तीला आलेले होते, आणि त्यांनी सगळं ऐकून जो निर्णय दिला तो काकांनी घरी येईपर्यंत मनात घोळवला तरी त्याचा उलगडा झाला नाही. साहेब म्हणाले, की गटारात काही घालणं हा गुन्हा आहे, त्याची परवानगी कुणालाच देता येत नाही. मात्र गटारात अडकलेलं काही काढायचं असेल तर परवानगी लागत नाही, ते चांगलं काम आहे. तेव्हा तुम्ही काढायला केव्हाही जा. काका म्हणाले, पण काढण्यासाठी आधी ते आत असायला हवं. साहेब म्हणाले, ते तुम्ही बघा, आणि फार अर्थपूर्ण हसले.

त्या हसण्याला परवानगी धरून काकांनी काम केलं. गॅरेजवाल्याचा राग तोवर गेला होता, शिवाय त्याच्याकडे पहार होती. त्याने जाळी उचलून दिली आणि गाठीही स्वतः मारल्या. गाठी मारण्यात आपला हात कुणी धरत नाही, असं त्याने सांगितलं. भरलेले मोजे एकमेकांना बांधून चेंबरमध्ये पाइपाच्या तोंडाशी आडवे बसवले, दोऱ्या जाळीला आवळल्या आणि उरलेल्या केसांचं एक गाठोडं मोज्यांच्या टोकाला लटकावलं. पहिले दोन पाऊस झकास गेले. काका छत्री घेऊन जात, बॅटरीने खाली पाहत आणि काळ्या पडत चाललेल्या मोज्यांकडे बघून समाधानाने परत येत. तळ्यावर फरक पडला का, हे त्यांना सांगता येईना. एक दिवस तवंग कमी वाटे, एक दिवस जास्त वाटे, आणि एक दिवस चष्माच पुसलेला नाही असं लक्षात येई. काकू अजून घरातच होत्या.

मग पहाटे तो मोठा पाऊस आला. ढग फुटल्यासारखा कोसळला. काकांना अंथरुणात राहवेना. काकूंना झोप लागली होती, गुडघ्याने रात्रभर जागवलं होतं, म्हणून त्यांनी उठवलं नाही. दार ओढून घेतलं आणि ते निघाले.

जाळीपाशी येऊन बॅटरी मारतात तो खाली काही नाही. मोजे नाहीत, गाठोडं नाही. दोऱ्यांची टोकं तेवढी लोंबत होती आणि त्यावरच्या गाठी सुटलेल्या होत्या. काका आधी गॅरेजच्या दिशेने रागाने पाहत राहिले, मग पाइपाच्या दिशेने घाईघाईने चालू लागले. पाइप तळ्याला जिथे मिळतो तिथे काठावर गचपण होतं. त्यात शिरून ते काठीने ढवळत बसले. पाऊस ओसरला, उजाडलं, तरी ते तिथेच.

त्यामुळे तळ्याच्या दुसऱ्या टोकाला काय चाललं होतं हे त्यांना कळलं नाही. तिथे चालायला आलेल्या एकाला पाण्यात पाय दिसले होते. चांगले गुबगुबीत, पांढुरके, काळे डाग पडलेले, एकमेकांत गुंतलेले पाय. आणि पायांच्या पलीकडे पाण्यावर पसरलेले लांबच लांब केस. त्या माणसाने पोलिसांना फोन केला, आणि पोलीस यायच्या आत गल्लीतल्या सगळ्यांना.

बातमी वर जाताना तिला आणखी पाय फुटले. तळ्यात कुणीतरी पडलंय, इथपासून म्हातारा माणूस आहे, इथपर्यंत ती पोचली तेव्हा ती काकूंच्या दारात होती. शिक्षिकाबाईंनी सांगितली. काकूंनी शेजारच्या अंथरुणाकडे पाहिलं. कोपऱ्यातली छत्री नव्हती. चपला नव्हत्या.

काकू कशा उतरल्या, कशा गेल्या, हे नंतर त्यांनाही नीट आठवलं नाही. शिक्षिकाबाई मागे पळत होत्या आणि त्यांना गाठता आलं नाही. ज्या बाईला स्वयंपाकघरापर्यंत भिंत लागत होती, ती सबंध गल्ली उतरून, तळ्याला अर्धा वळसा घालून, गर्दीत घुसून हवालदारापुढे उभी राहिली. तिथे फौजदार होते, चेअरमन होते, न्हावी होता, गॅरेजवाला होता. सगळ्यांनी वाट करून दिली. काकूंना दम लागला होता. पाण्याकडे पाहायचं त्यांनी टाळलं.

“डोक्यावर केस आहेत का?” त्यांनी विचारलं.

हवालदार गोंधळला. असा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता. “भरपूर आहेत, बाई. कमरेच्या खालपर्यंत असतील.”

“मग आमचे नव्हेत,” काकू म्हणाल्या आणि तिथल्याच एका दगडावर बसल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. काही जणांना वाटलं त्या हसतायत, काही जणांना वाटलं रडतायत.

एवढ्यात गचपणातून काका निघाले. अंगभर चिखल, हातात काठी. गर्दी पाहून ते लगबगीने आले, फौजदारांच्या खांद्यावरून त्यांनी पाण्यात डोकावलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“ते केस माझे आहेत,” काका म्हणाले.

फौजदार वळले. त्यांनी काकांच्या डोक्याकडे पाहिलं. ऊन नुकतंच पडलं होतं, आणि काकांचं डोकं ओलं होतं.  मग फौजदारांनी हवालदाराला हळूच सांगितलं, की या गृहस्थांच्या जरा जवळ उभा राहा.

“आणि पाय?” त्यांनी मवाळपणे विचारलं.

“पायही माझेच. सहा जोड होते. मापाने घेतलेत, दुकानदारबाई सांगतील.”

यापुढे काका जितकं समजावून सांगत गेले तितकी हवालदाराची पकड घट्ट होत गेली. शेवटी आकडा लावून ते प्रेत काठावर ओढलं. एक मोजा फाटला आणि आतून भसकन केस बाहेर आले. तेव्हा न्हावी पुढे झाला. आपल्या मालाची कुणी विटंबना करावी हे त्याला सोसलं नाही. हे केस माझ्या दुकानातले आहेत, तो म्हणाला, आणि खाली बसून एकेक पुंजका निवडायला लागला. हा तुमचा, फौजदारसाहेब, गेल्या महिन्यात आला होतात. हा राठ आहे तो गॅरेजवाल्याचा. आणि हे बघा, वर काळे, मुळाशी पांढरे, हे आपल्या चेअरमनसाहेबांचे. चेअरमन म्हणाले, हे शक्यच नाही. न्हावी म्हणाला, रंग मीच लावतो ना. गर्दीने चेअरमनकडे पाहिलं आणि चेअरमननी तळ्यातल्या दूरच्या एका पक्ष्याकडे.

“त्यात माझेही आहेत,” दगडावरून काकू म्हणाल्या. “पहिला गुंता माझा होता.” त्या हे अशा स्वरात म्हणाल्या, की काकांनी चटकन वळून पाहिलं.

फौजदार तसे बरे होते. सगळ्यांचेच केस आहेत म्हटल्यावर त्यांनी काकांचा दंड सोडायला लावला आणि मग हे केलं कशासाठी, असं विचारलं.  उत्तरांवरचा काकांचा विश्वास उडाला होता. त्यांनी गॅरेजवाल्याची बादली मागवली, एक मोजा उचलला आणि दोन्ही हातांनी पिळला. काळं, दाट तेल बादलीत पडलं. मग दुसरा पिळला. मग तिसरा. बादली भरत आली तशी गर्दी गप्प होत गेली. मागची माणसं टाचा उंचावून पाहत होती. एका जाळीतून, तीन पावसांत एवढं, असं काका स्वतःशीच म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

फौजदारांनी बादलीकडे पाहिलं. “हे तेल कुणाचं?”

केसांना घटकेपूर्वी पाच धनी मिळाले होते. तेलाला एकही पुढे येईना. गॅरेजवाल्याने पाय बदलला. चेअरमन अजून पक्षीच बघत होते.  तेव्हा ज्या मालाला मालक नाही तो ठाण्यात जमा करायचा, या नियमाने हवालदार ती बादली मांडीवर घेऊन गाडीत बसला. रस्त्यावर खड्डे होते. त्याच्या गणवेशाचं पुढे काय झालं ते कळलं नाही.

काका आणि काकू चालत घरी निघाले. काकू त्यांच्या दंडाला धरून, पाय ओढत येत होत्या. सबंध चढ त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. काकांना बोलणी बसण्याची सवय होती, ही शांतता त्यांना जड गेली. जिन्यापाशी आल्यावर काकू थांबल्या.

“पुन्हा गटार बघायला जाल, तेव्हा मला सांगून जा.”

“सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?”

“नसतं दिलं,” काकू म्हणाल्या. “म्हणून तर सांगायचं.”

यावर काकांनी जिना चढताना विचार केला, जेवताना केला, दुपारी पडल्या पडल्या केला. साहेबांच्या निर्णयासारखंच हेही होतं. कुठून धरावं तेच कळेना. पण पुढच्या दिवसांत त्यांनी न्हाव्याकडून नवं पोतं आणलं, या खेपेला गाठी स्वतः मारल्या आणि रात्री पावसाचा आवाज आला तेव्हा त्यांनी काकूंच्या अंथरुणाशी जाऊन, सांगितल्याप्रमाणे, सांगितलं.

काकूंनी त्यांना एकट्याला जाऊ दिलं नाही. बॅटरी त्यांनी आपल्या हातात घेतली. काका जाळीवर वाकले तेव्हा उजेड त्या धरून होत्या, आणि नीट वाकून बघा, असं वरून सांगत होत्या.